चिंधी बांधलेला टोमॅटो

सासूबाई : थांब, थांब. ताटलीत काय कापलंयस ते?

मुलगा : टोमॅटो. मागच्या वाफ्यातला. एवढा मोठा दिसला, म्हटलं मीठ लावून खावा. सकाळपासून गाडी चालवतोय आई, पोटात कावळे ओरडतायत.

सासूबाई : त्याच्या देठाला चिंधी होती?

मुलगा : होती कसली तरी निळी. टाकली तिथेच.

सासूबाई : ऐकलंस का ग आत? तू बियाण्यासाठी राखलेला टोमॅटो ह्याने मिठाशी खाल्ला.

(सून कोठीच्या खोलीतून रिकाम्या बरण्या घेऊन बाहेर येते.)

सून : ऐकलं. दोन फोडी उरल्यात ना? त्यांना हात लावू नकोस, इकडे दे. धुऊन बिया निघतील थोड्या.

मुलगा : ही इथे कशी? आई, आमच्या घटस्फोटाच्या सह्या होऊन वर्ष होत आलं.

सासूबाई : सह्या तुमच्या दोघांच्या झाल्या. माझी कोणी मागितली नव्हती.

सून : कालच्या बसने आले. उद्या तोडणी आहे.

मुलगा : तोडणीशी तुझा काय संबंध आता?

सून : रोपं मी लावलीत. एकशे चाळीस. तुझ्या आईचा गुडघा तेव्हा पट्ट्यात होता आणि तू फोनवर म्हणालास, बाजारात मिळतात की टोमॅटो.

मुलगा : तिच्या गुडघ्याच्या काळजीनेच म्हणालो ना.

सासूबाई : काळजी तू केलीस आणि आली ही. दर शनिवारी, दोन बस बदलून. मी बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हा दारात नुसती उभी राहिली आणि म्हणाली, आई, झारी कुठे ठेवलीय.

मुलगा : बरं, झालं ते झालं. पण उद्या मी माझ्या होणाऱ्या बायकोला आणणार आहे, तिचे आईवडीलही येतायत. तुला सांगितलं होतं.

सासूबाई : सांगितलंस. आणि मी हो म्हटलं. नवं माणूस तोडणीलाच घरात यायचं, हे तुझ्या पणजोबांपासून आहे.

सून : मलाही तोडणीलाच आणलं होतंस. पांढऱ्याशुभ्र साडीत आले होते, जाताना ती गुलाबी झाली होती.

मुलगा : मग आई, तूच सांग, त्या माणसांना मी काय सांगू? ही कोण म्हणून? लोक काय म्हणतील?

सासूबाई : लोकांच्या हातात पिकलेला टोमॅटो दिला की लोक खातात रे, बोलत नाहीत. तुझे वडील गेले तेव्हा सगळी भावकी ओट्यावर बसून सांगत होती, बाईमाणसाला एवढी बाग झेपायची नाही, अर्धी मोडून टाका. मोडली का मी?

मुलगा : आईशी बोलून उपयोग नाही. तू तरी समजून घे. एका दिवसाचा प्रश्न आहे. परवा ये.

सून : परवापर्यंत निम्मे फुटतील. ऊन बघतोयस ना?

मुलगा : मी टोमॅटोबद्दल बोलत नाहीये.

सून : मी बोलतेय. हे बघ, तुझं माझं जमलं नाही. ते मान्य करून झालं, रडूनही झालं. तुझ्याकडे मी कपाट मागितलं नाही, भांडी मागितली नाहीत, चहाचा एक कप नेला नाही. पण हे वाफे सोड म्हणशील तर सोडणार नाही. उद्या मी इथेच असणार.

मुलगा : तिला वाईट वाटेल.

सून : वाटेल थोडं. पहिल्या वर्षी तुझ्या आत्याने मला टोपलीला हात लावू दिला नव्हता. मेले नाही मी.

मुलगा : आई, मग निदान बियाण्याचा डबा तरी उद्या तिला सगळ्यांसमोर दे. सासूने सुनेला द्यायचा, हीच रीत ना? आजीने तुला तसाच दिला. तिला तेवढंच बरं वाटेल.

सासूबाई : डबा देऊन झाला.

मुलगा : कोणाला?

सासूबाई : हिला. सकाळीच दिला.

मुलगा : पण ही आता ह्या घरची सून नाही, आई.

सासूबाई : रीत मला शिकवू नकोस. तुझ्या आजीला तीन सुना होत्या. थोरलीला डावलून तिने डबा माझ्या हातात ठेवला, कारण कुठलं फळ राखायचं ते तिघींत मला कळत होतं. घरात रणकंदन माजलं, जाऊबाई दोन वर्षं बोलल्या नाहीत. आणि तू? ह्याच घरात जन्मलास, आणि चिंधी सोडून फळ खाल्लंस.

मुलगा : म्हणजे माझ्याच घरात मला जागा नाही.

सासूबाई : आहे की. टोपल्या वाहायला माणूस लागतोच. उद्या पाहुण्यांना ऊन चढायच्या आत घेऊन ये. जुने कपडे घालायला सांग. हिची ओळख मी करून देईन, ही माझी सून म्हणून. पुढचं काय ते मला विचारू देत.

मुलगा : आणि डब्याचं? लग्न झालं की ती विचारणारच, ह्या घरचं बियाणं माझ्याकडे का नाही.

सासूबाई : मग हिच्याकडे मागेल. काय ग, देशील ना?

सून : देईन की. आधी एक उन्हाळा पाणी घालू दे तिला.