खंडोबाच्या जागरणाला मी झोपले

माझं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत होते, सासर सिन्नरजवळच्या खेड्यातलं, आणि आता आम्ही राहतो अंबडला, मी तिथंच एका कंपनीत पॅकिंगला आहे. लग्नानंतर काही वर्षांनी मला बायपोलर आजार निघाला. म्हणजे कधी मन उधळतं, कधी पार खाली बसतं. गोळ्या चालूच आहेत, पण डॉक्टरांनी गोळ्यांइतकीच झोप सांगितली, रोज ठरल्या वेळी झोपायचं, ठरल्या वेळी उठायचं.

काय सांगू तुम्हाला, हे कुणाला पटतच नाही. आमच्यात लग्नानंतर खंडोबाचं जागरण घालतात, रात्रभर वाघ्या-मुरळी गातात, घरच्यांनी जागं राहायचं. धाकट्या दिराच्या लग्नात मी जागले आणि माझी झोप जी उडाली ती उडालीच. मग मी उजाडायच्या आत माळे काढले, गाद्या उसवल्या, अख्ख्या गल्लीला पापड लाटून दिले. सगळे म्हणाले, वहिनी म्हणजे मशीन आहे मशीन. अहो, आजार चढत होता आणि ही माणसं कौतुक करत होती. पुढं दवाखान्यात ठेवलं, घरी आल्यावर अंथरुणातून उठवेना, तर तीच माणसं म्हणाली, लय आळशी झाली.

यंदा माझ्या लेकाचं लग्न झालं. जागरण गावच्या घरी ठरलं, त्याआधीच मी सांगून टाकलं, पूजा करीन, तळी भरीन आणि माझ्या वेळेला झोपायला जाईन. तर मोठी नणंद म्हणाली, एका रात्रीनं काय होतंय, वरमाय झोपली तर देव कोपेल. आता या नणंदेला साखर आहे, तिला पुरणपोळी नको म्हणून वेगळी भाकरी केली, तिला उपास माफ, तिथं नाही देव कोपत. तिचं ते पथ्य आणि माझे नखरे?

ऐन वेळी ती खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. सगळी भावकी बघतेय, आमचे हे मान खाली घालून बसलेले. मी म्हटलं, ताई, मागच्या खेपेला दवाखान्यात माझ्याजवळ कोण राहिलं होतं? तुम्ही होतात?

ती बाजूला झाली. मी कानात कापूस घालून झोपले. सकाळी अंघोळ करून आरतीला उभी राहिले, तर माझ्याशी कुणी बोलेना.

आता गावात कुणाची विहिरीवरची मोटार जळाली तरी म्हणतात, ती झोपली ना त्या दिवशी. परवा पुतण्याचं जागरण झालं, आम्हाला बोलावणंच नाही. यांना लागलं, मलाही लागलं. पण मी कामावर जातेय, सुनेशी हसतेय, घर चाललंय. खंडोबा त्यांचं भलं करो, आणि त्यांच्या घरात कुणाची झोप अशी कधी न उडो.