डोरलं खरं का खोटं

अकोल्याला दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोर मूर्तिजापूरकडचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. नवऱ्याने गालाला रुमाल धरला होता, आणि बायको त्याच्याकडे बघून हसू दाबत होती.

“लय दुखून राहिलं का?”

“नाही, गंमत वाटून राहिली.”

“वांग्याच्या वावरात सापडलेलं मंगयसूत्राचं डोरलं मी लिंबानं घासलं, त्याचा रंग बदलला नाही. लोहचुंबक लावलं, ते चिकटलं नाही. मंग तुमाले चावाची काय गरज होती?”

“पितळही चिकटत नाही. माहा बाप दातानंच पाहे. खऱ्या सोन्यावर वण उमटते.”

“त्याइचे दात मजबूत होते. तुमची तं वण उमटाच्या आदी दाढच तुटली.”

“हास तू. आता घरी गेलो का सोनाराले दाखवतो.”

“काय दाखवता? ते घरी नाही.”

“कुठं गेलं?”

“आपल्याकडं निंदन-खुरपन कराले येते ना कौतिका, तिचं होतं. सकाळी वावरात खाली पाहत फिरून राहिली होती. काय झालं म्हनून इचारलं, तं रडाले लागली. देऊन टाकलं मी.”

“मले कावून नाही सांगतलं?”

“तुमी कन्हून राहिले होते.”

“खरं होतं का खोटं, ते तरी इचारलं का?”

“नाही इचारलं. तिनं ते डोयाले लावलं अन् तिथंच पोतीत ओवून घेतलं.”

“धुऊन देल्लं होतं ना? माह्या तोंडातलं होतं ते.”