धापा टाकणारी बोट

बोटीच्या सुट्या भागांच्या दुकानात इंजिनाला डिझेल पुरवणारा नवा पंप घेऊन बाई रांगेत उभ्या होत्या. पुढच्या म्हाताऱ्याच्या हातातही तसलाच पंप होता. तेवढ्यात त्याचा जावई धावत आला.

"मामा, ठेवा तो पंप! सापडलं!"

"अहो, बोट नुसत्या धापा टाकतेय, आणि पंप नको?"

"टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली, आणि इंजिन जे सुटलंय, काय सांगू!"

"हवा?"

"टाकीला हवेसाठी बारीक भोक असतं. तेच बुजलंय. जुन्या मालकाचा प्रताप, दुसरं काय!"

"नाही हो. रंगवताना मीच लांबी भरली तिथे. अगदी गुळगुळीत झालं होतं."

"मामा!"

बाईंनी आपला पंप फळीवर ठेवला आणि घाईघाईने फोन लावला.

"अहो, बोट रंगवताना तुम्ही कुठलं भोक बुजवलंत का?"