तटावरचा फोटो

अधिकारी : बसा बाई, मी दार लोटून घेतो. गजांमागं तुमचा चेहरा आला की फोटो कसा बोलेल बघा! संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर लावणार आहोत.

आई : नाही.

अधिकारी : कुलूप नाही हो लावत. नुसतं मिनिटभर.

आई : 'दोन प्रश्न विचारतो नि सोडतो' म्हणूनच आणलं होतं मला. वर्ष उलटलं या कोठडीत.

लेक : आई, एवढ्या मानानं बोलावलंय त्यांनी.

आई : मानानं बोलावलंय ना? मग गजाआड कशाला बसवतायत?

लेक : तुझा हेका काही जायचा नाही. तेव्हाही हेच. संपातल्या टेलिफोनवाल्या सगळ्या बायका माफी मागून घरी परतल्या. तू तेवढी किल्ल्यात.

आई : नाक कशासाठी घासायचं? बाळंतपणाची रजा मागितली म्हणून? तुझ्या वेळी ओली बाळंतीण मी, कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे फोन जोडत होते. म्हणून तर केले आख्ख्या शहराचे फोन मुके!

लेक : मला काय कळत होतं त्यातलं? शाळेतसुद्धा जात नव्हते. मावशीकडे कुणी कडी वाजवली की तूच आलीस म्हणून दाराकडे धावत सुटायचे मी.

आई : ठाऊक होतं मला. मावशी सांगायची भेटीला आली की.

लेक : ठाऊक होतं, तरी?

आई : तरी. तुझा राग खरा आहे, तो मी पदरात घेते. पण त्यांची माफी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही.

(लेक अधिकाऱ्याकडे वळते.)

लेक : साहेब, दार सोडा ते. ती नाही बसायची.

अधिकारी : अहो ताई, मग त्या इथं कैदेत होत्या हे लोकांना कळणार कसं?

लेक : खाली लिहा. लिहायला येतं ना तुम्हाला?

आई : अगं, हळू! साहेब, वर तटावर जाता येतं का हो आता?

अधिकारी : येतं की. सगळे वरच तर जातात.

आई : आम्हाला बंदी होती. समुद्र रात्रंदिवस कानात, पण डोळ्यांना दिसला नाही कधी. फोटो तिथं काढा.

लेक : हात दे. पायऱ्या उंच आहेत.

आई : चढते मी.

लेक : चढशील गं. तरी दे.

अधिकारी : हं, इथं छान उजेड आहे. बाई, जरा कॅमेऱ्याकडे... बाई? इकडे बघता ना?

लेक : पाठमोरीच काढा. बघू दे तिला.