बोक्याचा पंजा आणि वेबसाइटचा दर

हॅलो? … हो, मीच… थांब ताई, इस्त्री बंद करते आधी, नाहीतर लेकाच्या शर्टावर नकाशा उमटायचा… हं, बोल.

… सगळे बरे आहोत. नात शाळेत गेली… नाही, सूनबाई घरात नाही. गिऱ्हाइकाकडे गेलीय… वेबसाइटच्याच कामाला गं. येईल अर्ध्या तासात. का?

… हं… भाऊजींच्या कामासाठी.

… हो, मीच म्हटलं होतं. विसरले नाही. भाऊजी निवृत्त झाले की जुनं लाकूडसामान दुरुस्त करायचं काम सुरू करणार, आणि त्यांची वेबसाइट आमची सून बसल्या बसल्या करून देणार, घरच्यांचे कसले पैसे… अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. ऐक ना. तो शब्द मी परत घेतेय.

… हो, परत. बरोबर ऐकलंस.

… नाही, तिने काही सांगितलेलं नाही. तू फोन करणार हेही तिला माहीत नाही. हे माझं मीच बोलतेय… अगं, रागाव हवं तर, पण आधी काय झालं ते ऐकून घे. मग रागाव.

… तो जनावरांचा डॉक्टर आठवतो? तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक… तोच, औषधांच्या दुकानावर ज्याचा दवाखाना आहे. हिने नोकरी सोडली आणि दुसऱ्याच महिन्यात तो आला. हिने त्याला किती सांगितले माहितेय? आठ हजार… हो, सगळ्याचे मिळून. मनात आधी वीस आले होते. मग म्हणाली, एवढे कोण देईल, म्हणून पंधरा केले. आणि फोनवर तोंडातून निघाले आठ. समोरचा एक शब्द बोलला नव्हता गं. ही आपली स्वतःशीच घासाघीस करून हरली.

… झालं काय, दोन आठवड्यांचं काम पाच महिने पुरलं. आधी मांजरांचं पान वेगळं हवं. मग कुत्र्यांनी काय घोडं मारलंय, त्यांचंही हवं. मग लोकांना घरबसल्या वेळ ठरवता आली पाहिजे. मग निळा रंग फारच निळा दिसतो. मग डॉक्टरीणबाईंना हिरवा आवडला. मग पुन्हा निळा, पण पहिला नाही, तिसरा… नाही गं, माणूस वाईट नाही. मागितलं की मिळतंय म्हटल्यावर कोण थांबेल? ही प्रत्येक वेळी 'हो, करते' म्हणायची. जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात तिचा लॅपटॉप, अर्ध्यात आमची ताटं.

… आणि त्यात मी. मी काही कमी नव्हते. घरी बसूनच तर करतेस, असं म्हणून दारावर कुणी आलं की तिला उठवायचे. वर शेजारच्या बेकरीवालीला सांगून आले, आमची सून देईल करून. मग तुला सांगितलं… हो, तू दुसरी. बेकरीवालीची झाली करून. फुकट. रात्रंदिवस बसली होती त्या पावांच्या फोटोंवर.

… थांब, सांगतेय ना. एक दिवस लेक मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, ती जुन्या कंपनीत परत अर्ज करतेय. अर्ज लिहून तयार आहे. … खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. पगार ठरलेला, तारीख ठरलेली. पण मग दुपारी ती तो अर्ज वाचत बसलेली दिसली… नाही, रडत नव्हती. रडली असती तर बरं. नापास झालेली मुलगी आपलाच पेपर परत परत वाचते ना, तशी.

… त्याच आठवड्यात बोक्याने पंजा फाडून घेतला… आमच्या बोक्याने, दुसऱ्या कुणाच्या? कुंपणाच्या तारेत. लेक कामावर, सूनही बाहेर, मी एकटी त्याला टोपलीत घालून त्याच डॉक्टरकडे गेले. पाच टाके पडले. बोलला छान. सूनबाई कशा आहेत, वेबसाइट झकास चाललीय, रोज दोन-तीन नवे लोक ती बघूनच येतात म्हणाला. मग बाहेर टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी बिल दिलं… अगं बिलाचं नाही सांगत. बिलाच्या पाठीमागे दरपत्रक छापलेलं होतं. तेच भिंतीवर, फ्रेम करून. पहिली तपासणी, इतके. फेरतपासणी सात दिवसांपर्यंत मोफत, नंतर निम्मे. टाके, प्रत्येकी इतके. सुट्टीच्या दिवशी दुप्पट. शस्त्रक्रिया असेल तर निम्मी रक्कम आधी.

… हो ना? मी तिथेच उभी राहून दोनदा वाचलं. टोपलीत बोका गुरगुरतोय आणि मी वाचतेय. मनात म्हटलं, या गृहस्थाची आमच्या घरी पाच महिने फेरतपासणीच चाललीय, आणि तीही मोफत.

… नाही, त्याला काही बोलले नाही. घरी आले आणि तो कागद तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवून दिला. तिलाही काही बोलले नाही… जमतं मला, कधी कधी.

… तिने वाचला. मग वही काढली आणि आधी त्या पाच महिन्यांचे तास मांडले. एकशे नव्वद झाले. आठ हजारांना एकशे नव्वदने भागलं. बघत बसली त्या आकड्याकडे, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. म्हणाली, 'आई, माझ्या तासापेक्षा बोक्याचा टाका महाग आहे.'

… मग तिने स्वतःचं दरपत्रक केलं. ओळीला ओळ, त्याच्यासारखंच. पहिली भेट आणि आराखडा, इतके. बदल दोनदा मोफत, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे. घाईचं काम दीडपट. निम्मे पैसे आधी… तासाचा दर कसा काढला? तेही ऐक. वर्षाचा घरखर्च धरला, लॅपटॉप, वीज, आजारपण, सुट्ट्या, सगळं. आणि त्याला भागलं ते खरोखर कामाच्या तासांनी. कारण आठवड्याला चाळीस तास बसलं तरी गिऱ्हाईक शोधणं, फोन, निरोप यात निम्मे जातात, त्यांचे कोण पैसे देतंय? … मलाही नवीनच होतं. मला वाटायचं, लॅपटॉप उघडला की मीटर सुरू.

… येतच होते त्यावर. डॉक्टरचा निरोप आलाच, आता पोपटांचं पान हवं. हिने लिहिलं, आधी ठरलेलं काम पूर्ण झालंय, त्याचे मी जास्त काही मागत नाही. पोपट मात्र नवीन. सोबत दरपत्रक. पाठवलं आणि फोन उलटा ठेवून भांडी घासायला गेली. अगं, ताटं घासून संपायच्या आत त्याचा फोन. हात ओले, म्हणून स्पीकरवर घेतला. म्हणाला, 'हा कागद ओळखीचा वाटतोय.' आणि ही काय म्हणाली असेल? 'हो. तुमच्याकडूनच शिकले.'

… हसला गं. मनापासून हसला. म्हणाला, दवाखाना काढला तेव्हा सहा वर्षं त्याचीही भिंत कोरी होती. लोक रस्त्यात थांबवून कुत्रं दाखवायचे, जरा नजर टाका म्हणून. शेवटी बायकोने भांडून तो फलक लावला. पोपटांचे निम्मे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

… मोठं काम पुढेच आहे, आणि तेही त्यानेच दिलं. त्याच्या ओळखीचा एक जण, लोक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री सांभाळतो. वीस कुत्र्यांची जागा आहे. हिने त्याला पानं किती हवीत ते विचारलंच नाही. विचारलं, जागा रिकाम्या किती असतात? … अकरा. मग एका रिकाम्या जागेपायी महिन्याला किती जातात? त्याने हिशेब केला, आणि करता करता त्याचाच चेहरा पडला. मग हिने साठ हजार सांगितले.

… साठ. मीही तुझ्यासारखंच 'काय?' केलं, फक्त दाराआडून. तो म्हणाला, जास्त होतात. मी आतून खुणा करतेय, चाळीस म्हण, चाळीस म्हण. ती शांतपणे म्हणाली, 'चाळीसमध्येही करून देईन. मग त्यात लोकांना घरबसल्या जागा राखून ठेवायची सोय नसेल.' … आलं लक्षात? दराला हात लावला नाही, काम कमी केलं. विचार करतो म्हणून गेला तो. दोन दिवस काही नाही. आणि ते दोन दिवस मी तिला नको नको ते बोलले. हातातोंडाशी आलेला घास घालवलास, असंही म्हटलं… हो, म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो आला आणि साठवर सही करून गेला. ती मला एका अक्षराने बोलली नाही. त्यानेच मला जास्त लागलं. नोकरीचा तो अर्ज आता नातीकडे आहे, मागच्या कोऱ्या बाजूवर हत्ती काढलाय तिने.

… म्हणून म्हणतेय ताई. घरचे आहात, म्हणून तर. उद्या तुमच्यापुढे तिने मान खाली घालून 'हो, करते' म्हणावं, हे मला नकोय. तू तिला विचार. ती कमी करेल, कदाचित फुकटही देईल. पण ते तिने द्यायचं. तिच्या हातचं मी वाटत सुटायचं नाही.



… खुर्च्या? … हो, आमच्या सहाही. वेत नव्याने विणून दिला होता भाऊजींनी… नाही. पैसे दिले नाहीत. विचारलंच नाही मी… नाही गं, टोमणा कसला, खरंच आहे ते. चहा पाजला, आणि वर म्हटलं… काय म्हटलं मी? … 'तुमचा वेळ तरी जातो'? … असं म्हटलं? … त्यांना लागलं होतं? … मग तू तेव्हाच का नाही बोललीस?

… चुकलं माझं. खरंच चुकलं. दे त्यांना फोन… जवळच आहेत, रंधा चाललेला ऐकू येतोय मला. दे.

… भाऊजी? हो, मी… बरी आहे. भाऊजी, त्या सहा खुर्च्यांचे किती झाले? … नाही नाही, राहू द्या कसलं? मला द्यायचेत. आकडा सांगा.

… म्हणजे? माहीत नाही? … मग बाहेरचं गिऱ्हाईक आलं की काय सांगता? … 'द्या काय ते.' … भाऊजी, वेबसाइटवरही हेच लिहायचं का, द्या काय ते?

… हसू नका. एका खुर्चीला वेळ किती जातो? … जुना वेत काढायचा, नवा भिजत घालायचा, विणायचा, पॉलिश… तीन दिवस. आणि लोक देतात किती? … हळू सांगा, ताई ऐकत असेल तर… पाचशे. वेत धरून? … धरून.

… पेन्सिल असेल ना कानावर? घ्या. लिहा पाचशे. लिहिलं? … आता खोडा… खोडा हो, घाबरताय काय, कागदच आहे.

… आता किती लिहू ते मला नका विचारू, मी चाळीस म्हणणारी बाई… थांबा, दार वाजलं. आलीच ती.

… अगं, चपला काढ आणि आधी हा फोन घे. काकांचा आहे… नाही, वेबसाइटचं नंतर. खुर्चीला किती घ्यायचे, ते ठरत नाहीये त्यांचं.