कुंडीतलं कोळपं

तुम्ही हसाल, पण स्वतःच्या डिग्र्या सांगताना मी आजही जरा चाचरतो, आणि त्याला अमळनेरचे एक लोहार, नाना, जबाबदार आहेत.

नव्वदच्या सुमारास मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉम्प्युटरवर कोळप्याचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या अवजाराचं, डिझाइन काढायचं, ते खरोखर बनवून घ्यायचं आणि परीक्षकांना दाखवायचं, असा माझा प्रोजेक्ट होता. छापलेलं चित्र घेऊन मी ऐटीत नानांकडे गेलो.

“यावर आकडा कोठे शेतस, भाऊ?” नानांनी विचारलं.

“आकडे कशाला, नाना? कॉम्प्युटरनं काढलंय! सरळ पट्टी लावा आणि मापं घ्या.”

परीक्षेच्या दिवशी नाना स्वतः कोळपं घेऊन कॉलेजात आले. बारा इंचांचं पातं सहा इंचांचं झालं होतं! छापताना मशीननं चित्र कागदावर मावावं म्हणून निम्मं केलं होतं, आणि मी ते तपासलंच नव्हतं. आता मी नापास होणार, यात शंका नव्हती.

“हे कापसात चालवायचं की कुंडीत?” परीक्षकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत नाना तडकले, “साहेब, कागदवर जेवढं शे तेवढंज करेल शे. एक सूत इकडतिकड नई. मोजी ल्या!”

परीक्षकांनी खरंच पट्टी मागवली आणि एकेक माप तपासलं. प्रत्येक माप चित्राबरहुकूम निघालं.

“नाना, पूर्ण मार्क तुम्हाला,” ते म्हणाले. “पण तुमचा परीक्षेचा नंबर नाही, म्हणून नाइलाजानं याच्या नावावर टाकतो.”