पायऱ्यांची रेघ

हॅलो? …हॅलो, अल्का? …हो, हो, केवळराम बोलून राहिलो, तुया भाऊच. जय भीम… गोंदियातच आहे, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. …अवो नाई! कोणी बिमार नाई. घाबरतेस काऊन? आज तुया भाचीचं, रचनाचं भाषण होतं ना, डॉक्टर लोकायपुढं… झालं! आत्ताच झालं.

…नाई वो, ती गणितातच आहे. …दवाखान्यात गणिताचं का काम? मीबी हेच इचारलं होतं तिले! …हो, तेच कॅल्क्युलस.

ऐक ना. सिकलसेलची गोळी नाई का, माया धाकट्याले, संघदीपले चालू आहे ती? गोळी खाल्ली का रक्तात औषध चढते, मंग उतरते. किती वेगानं चढते, किती वेगानं उतरते, याचं तिनं सूत्र मांडलं. …हो, गणितानं! मंग चाळीस पोरायचे कार्ड पाहिले. पोरं वाढले, वजन वाढलं, अना कित्येकायची गोळी तेवढीच. …संघदीपचीबी!

…थांब, पुढं ऐक. मंग तिनं एक रेघ दाखवली. पायऱ्या-पायऱ्यायची. सिकलसेलचा कोण पेशंट किती वर्षं जगला त्याची. एक जण गेला का रेघ एक पायरी खाली उतरते.

…हो, अल्का. माया थोरला, बुद्धभूषणबी आहे त्यात. …नाव नसते तिथं. चौदा वर्षांच्या जागेवर एक पायरी… मीच ओळखली. त्याच्या वेळेस कुठं होती गोळी? …रडू नको. …मले वाटलं, पोरगी आता अडकते. मोठ्या भावाची पायरी. …नाई अडकली! घडीभर बोट ठेवलं तिथं, अना पुढं बोलली.

…मंग का, एका मोठ्या डॉक्टरनं टोकलं. म्हणे, “पोरी, कागदावर सारं सोपं असते.” …मलेबी राग आला! पण रचना शांत. म्हणे, “सर, तुमच्याच एका पेशंटचं वजन सांगा.” खडू घेतला, फळ्यावर सारं मांडून दाखवलं. मंग त्यानंच खिशातून डायरी काढली अना उतरवून घेतलं. …खरंच सांगतो! म्हणे, सोमवारपासून साऱ्या पोरायचं वजन करा, रक्त तपासा, मंगच डोस ठरवा.

…मी? मी मागं बसलो होतो. धानाचा चिखल तुडवणारा माणूस, मले त्यातलं का समजते? पण पहिली टाळी मीच वाजवली. एकट्यानं! …लाज कायची? मंग साऱ्यायनंच वाजवली.

…हॅलो? …थांब जरा, दारातून कोणी आवाज देऊन राहिलं. तेच डॉक्टर… का म्हणते? …म्हणते, रचनाचे वडील कोण?

…मी, साहेब! मीच! …ठेवतो अल्का, ठेवतो.